प्रेमळ, मनमिळाऊ वगैरे वगैरे

पेपरातली निधनवार्ता असते चार ओळींची. त्यात वय असतं, आजार असतो, 'पश्चात परिवार' असतो. गेलेला माणूस तेवढा सापडत नाही!

'येथील रहिवासी अमुक तमुक (वय ७२) यांचे अल्पशा आजाराने निधन झाले. त्या प्रेमळ व मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या. त्यांच्या पश्चात पती, दोन मुलगे, एक मुलगी, सुना, जावई, नातवंडे असा परिवार आहे.'

सकाळी ऑफिसची बस पकडायच्या गडबडीत पेपर चाळताना हा मजकूर तुमच्या नजरेखालून हजार वेळा तरी गेला असेल. आता एक गंमत करा. (गंमत म्हणणं बरं दिसत नाही, पण करा.) यातलं नाव झाका आणि शेजारच्या बातमीतलं नाव तिथे ठेवा. काही फरक पडला? नाही ना! वय बदलेल, फार तर एखादी सून कमी होईल. 'अल्पशा आजाराने' किंवा 'प्रदीर्घ आजाराने', 'मनमिळाऊ' किंवा 'धार्मिक वृत्तीचे'... बस्स, ऑप्शन्स संपले. सत्तर वर्षं जगलेल्या माणसाचं हे मल्टिपल चॉइस उत्तर.

आणि त्यातही जास्तीत जास्त जागा कुणाला, तर जे जिवंत आहेत त्यांना. मुलगा बँकेत असेल तर बँकेचं नाव येतं. जावई नगरसेवक असेल तर बातमीची सुरुवातच त्याच्यापासून. बायकांचं तर विचारूच नका. आयुष्यभर त्या कुणाच्या तरी पत्नी असतात, गेल्यावर कुणाच्या तरी मातोश्री होतात.

तसं पाहिलं तर या चार ओळींचा काही दोष नाही. त्यांचं काम वर्दी देण्याचं. कोल्हापूर-सांगलीकडे तर बातमीच्या शेवटी 'रक्षाविसर्जन उद्या सकाळी ९ वाजता' असं असतं आणि गावोगावचे लोक तेवढं एक वाक्य वाचून निघतात. मुंबईत १८२२ पासून निघणाऱ्या 'मुंबई समाचार'मध्ये मरणनोंदींची पानं असतात. काही गुजराती घरांत पेपर उघडला की आधी तेच पान, मग बाकीचं जग. गोव्यातल्या पेपरांत फोटोसकट स्मरणं छापतात, वर्षश्राद्धालाही छापतात, त्यामुळे तिथे निदान चेहरा तरी दिसतो. आपल्या चौकातल्या फ्लेक्सवरही चेहरा दिसतो म्हणा. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि खाली 'शोकाकुल' म्हणून गॉगल घातलेले पंचवीस चेहरे! नेमकं कोण गेलंय हे सिग्नल सुटेपर्यंत कळत नाही.

मोठ्या माणसांची गोष्ट वेगळी. मराठीत मृत्युलेखाची परंपरा चांगली दणदणीत आहे. आचार्य अत्र्यांनी 'मराठा'तून लिहिलेले मृत्युलेख जुनी मंडळी अजून आठवतात. १९६४ साली नेहरू गेल्यावर त्यांनी जे लेख लिहिले, त्यांचं 'सूर्यास्त' हे पुस्तक झालं. पण ज्यांच्या जाण्यानं सूर्य वगैरे काही मावळत नाही, फक्त एका घरातला दिवा विझतो, त्यांच्याबद्दल कोण लिहिणार?

खड्डा खणणाऱ्याची गोष्ट

मास कॉमच्या वर्गात प्रत्येक बॅचला एक जुना लेख वाचायला देतात. नोव्हेंबर १९६३. प्रेसिडेंट केनेडींची हत्या झालेली. जगभरचे पत्रकार वॉशिंग्टनमध्ये, सगळ्यांचे कॅमेरे एकाच दिशेला. 'न्यूयॉर्क हेराल्ड ट्रिब्यून'चा जिमी ब्रेस्लिन मात्र आर्लिंग्टनच्या दफनभूमीत गेला आणि केनेडींची कबर खणणाऱ्या क्लिफ्टन पोलार्ड नावाच्या कामगारावर लिहून मोकळा झाला. रविवारी सुट्टी असताना त्याला कामावर बोलावलं, निघण्याआधी त्यानं घरी काय खाल्लं, त्याला तासाला ३ डॉलर १ सेंट मिळायचा... सगळं त्यात आहे. आणि प्रत्यक्ष दफनाच्या वेळी पोलार्ड कुठे होता? त्याच दफनभूमीत, पलीकडे, दुसऱ्या कबरी खणत.

पोलार्ड तेव्हा जिवंत होता, त्यामुळे याला मृत्युलेख म्हणता येणार नाही. पण साध्या माणसावर लिहायचं तर कुठे उभं राहायचं, हे त्यातून कळतं.

पुढे १९८२ मध्ये 'फिलाडेल्फिया डेली न्यूज'नं जिम निकलसन नावाच्या रिपोर्टरला मृत्युलेखांचं काम दिलं. हा गडी त्याआधी शोधपत्रकारिता करायचा, भानगडी बाहेर काढायचा. कुणालाही वाटलं असतं, याला आता साइड पोस्टिंग मिळालं! पण निकलसननं तीच शोधपत्रकारिता इकडे वापरली. प्लंबर, घरकाम करणाऱ्या बायका, कचरा उचलणारे, गल्लीतल्या आज्या... फोन करून घरच्यांना खोदून खोदून विचारायचं आणि जसा माणूस तसा लिहायचा. दारू प्यायचा तर प्यायचा, तिरसट होता तर तिरसट. आश्चर्य म्हणजे घरच्यांना तेच आवडायचं, कारण त्यात त्यांचा माणूस ओळखू यायचा. १९८७ साली अमेरिकेतल्या संपादकांच्या संघटनेनं मृत्युलेखनासाठी पुरस्कार दिला, तो निकलसनला.

आणि मग २००१. ११ सप्टेंबरनंतर न्यूयॉर्कच्या भिंतींवर, बसस्टॉपवर, हॉस्पिटलबाहेर हरवलेल्यांची पोस्टर्स लागली. फोटो, उंची, अंगातला शर्ट, अंगठी. मेलेल्यांची यादीच तयार नव्हती. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या रिपोर्टर्सनी ती पोस्टर्स गोळा केली, त्यावरच्या नंबरांवर फोन लावले आणि १५ सप्टेंबरपासून एकेका माणसावर साधारण दोनशे शब्द छापायला सुरुवात केली. 'पोर्ट्रेट्स ऑफ ग्रीफ' हे या सदराचं नाव. वर्षअखेरपर्यंत रोज, अठराशेच्या वर माणसं. कंपनीचा बडा अधिकारी असो की एकशे सातव्या मजल्यावरच्या रेस्टॉरंटमधला भांडी घासणारा, शब्द साधारण तेवढेच. पगार, पद, डिग्री यांना महत्त्व नाही. एखादी सवय, एखादं वेड, एखादा किस्सा, संपलं. २००२ मध्ये 'टाइम्स'च्या ज्या कामाला पुलित्झर मिळालं, त्यात हे सदरही होतं.

त्यावर टीकाही झाली बरं का. म्हणजे तीन महिने रोज वाचल्यावर लोकांच्या लक्षात आलं, की या पानावर सगळेच नवरे बायकोवर जिवापाड प्रेम करणारे आणि सगळेच बाप रविवारी मुलांबरोबर बेसबॉल खेळणारे! चिडका, कंजूस, भांडकुदळ कुणीच नाही. मला ही टीका पटते. 'मनमिळाऊ' हा शब्द न वापरताही माणसाला मनमिळाऊ करून टाकता येतंच की.

खाड्यांची वही

पुस्तकी गोष्टी पुरे. मागच्या वर्षी मला हे प्रत्यक्ष करावं लागलं. पहिल्या नोकरीच्या दिवसांत मी पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका काकूंच्या मेसमध्ये जेवायचे. त्या गेल्या. चौथ्या दिवशी त्यांच्या मुलीचा फोन आला. "तू पेपरात लिहितेस ना? आईबद्दल काहीतरी लिहून दे. पेपरात चार ओळी आल्यात, पण त्या आईबद्दल नाहीत गं." (काकूंचं नाव इथे छापत नाही. मुलीनं तेवढी एक अट घातली आहे.)

मी दोनशे शब्द ठरवले आणि मुलीकडे गेले. पहिला प्रश्न, स्वभाव कसा होता? ती म्हणाली, प्रेमळ, मनमिळाऊ. मग दोघीही हसलो. कारण काकू मनमिळाऊ? रात्री साडेनऊ म्हणजे साडेनऊ. नऊ एकतीसला दार बंद आणि आतून आवाज, "उद्या या!" ओली छत्री घरात आणली तर छत्रीसकट माणूस जिन्यात. पोळी ताटात टाकून उठलात तर दुसऱ्या दिवशी तुम्हाला एक पोळी कमी वाढायच्या आणि का ते सगळ्यांसमोर सांगायच्या.

मग प्रश्न बदलला. त्यांच्या कपाटात काय निघालं? कपाटात निघाल्या वह्या. मेसमध्ये जेवलेल्यांना माहीत असेल, जेवायला न आलेल्या दिवसाला खाडा म्हणतात आणि महिन्याच्या हिशेबातून खाडे वजा होतात. काकूंच्या खाड्यांच्या वह्या तीस वर्षांच्या होत्या. प्रत्येक नावापुढे खाड्यांच्या फुल्या आणि फुल्यांच्या बाजूला एकेक अक्षर. 'ल' म्हणजे लसूण चालत नाही. 'ति' म्हणजे तिखट कमी. 'पो ६' म्हणजे सहा पोळ्या खातो, विचारत बसू नका. मधेच कुठेतरी 'प'. हा 'प' काही मुलीला लागेना. शेवटी एका जुन्या मेंबरला फोन केला, तो आता नागपूरला सरकारी नोकरीत आहे. त्यानं सांगितलं, "प म्हणजे परीक्षा. त्या आठवड्यात काकू खाडा धरायच्या नाहीत, डबा रूमवर पाठवायच्या. पण प्रिलिमलाच, हं. मेन्सला म्हणायच्या, आता मोठा झालास, खाली येऊन जेव."

वहीत काही नावांखाली लाल रेघ. ते पैसे थकलेले. काहींवर पुढे काट मारून लिहिलेलं, 'सोडले'. कारण काही नाही. मुलीनं ती पानं झटकन उलटली, मीही त्यावर काही लिहिलं नाही. ती पोरं आता कुठेतरी असतील, त्यांना कशाला...

खरी अडचण पुढेच आली. काकूंच्या भावाचं, म्हणजे मुलीच्या मामांचं म्हणणं, सुरुवातीला 'कै. अमुक यांच्या पत्नी' असं हवंच. पद्धत असते. मुलीचं म्हणणं, अजिबात नको. वडील १९९४ साली घर सोडून गेले ते गेले, पुन्हा तोंड दाखवलं नाही. ती शांतपणे म्हणाली, "मामा, त्यांनी आईला टाकलं. आता आईनं त्यांना सोबत घेऊन फिरायचं का?" मामा गप्प. पण नाराज. मला वाटलं, आपलं काम आता संपलं, हे प्रकरण काही छापलं जात नाही.

दोन दिवस तो एक कागद फोनवरून इकडून तिकडे जात होता. शेवटी वाक्य झालं ते असं: '१९९४ साली, दोन मुलं शाळेत असताना, त्यांनी मेस सुरू केली. तेव्हा घरात दुसरं कुणी कमावणारं नव्हतं.' एवढंच. नवऱ्याचं नाव नाही, आरोप नाही, आणि खोटंही काही नाही. मामांनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला. म्हणाले, "मोठा कुकर मी आणून दिला होता. पहिला. तेवढं घाल." घातलं. आता मला विचाराल तर त्या दोनशे शब्दांतली सगळ्यात भारी ओळ तीच आहे.

पेपरात जाहिरात म्हणून द्यायचं तर दर चौरस सेंटिमीटरवर, दोनशे शब्दांचं बजेट घरच्यांना झेपणारं नव्हतं. मग काय, चौकातल्या दुकानातून शंभर झेरॉक्स. तेराव्याला जेवणं झाल्यावर मुलीनं ते वाचून दाखवलं. कुणी रडलं वगैरे नाही. वाचन संपल्यावर मागून एकजण उठला, "एक करेक्शन. बुधवारी कोबी नसायचा, दुधी असायचा." दुसरा म्हणाला, "दुधी सोमवारी!" आणि पुढचा तासभर चाळीस-पन्नास माणसं काकूंच्या भाज्यांचं वेळापत्रक जुळवत बसली. त्यातली निम्मी एकमेकांना ओळखतही नव्हती.

फुल अँड फायनल

तुम्ही म्हणाल, काकूंना निदान तेरावा तरी मिळाला. २०२० आणि २०२१ मध्ये ज्यांची माणसं गेली, त्यांना विचारा. महाराष्ट्रात सरकारी आकड्यानुसार कोविडनं सुमारे दीड लाख माणसं गेली. शेवटचं दर्शन नाही, खांदा नाही, भेटायला येणारं कुणी नाही. संध्याकाळी टीव्हीवर आकडा यायचा आणि आपण तो काल-आजचा फरक काढून बघायचो, शेअर बाजारासारखा. एप्रिल २०२१ मध्ये गुजरातेतल्या दैनिकांची मरणनोंदींची पानं वाढत वाढत गेली आणि सरकारी आकडे खरे नाहीत हे सांगायला पत्रकारांना तीच पानं उपयोगी पडली. वर्दी देणाऱ्या चार ओळी अशाही कामी येतात!

२४ मे २०२० ला 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर एकही फोटो नव्हता, एकही बातमी नव्हती. फक्त एक हजार नावं, आणि प्रत्येकापुढे छोटासा तुकडा, गावोगावच्या पेपरांतल्या मृत्युलेखांतून उचललेला. अमेरिकेतल्या मृत्यूंचा आकडा तेव्हा एक लाखाला टेकत होता, म्हणजे पानभर नावं छापूनही झाले जेमतेम एक टक्का. ब्राझीलमध्येही त्याच वर्षी 'इन्युमेराव्हेइस' नावाचं स्मारक सुरू झालं. घरच्यांनी माहिती द्यायची, स्वयंसेवक पत्रकारांनी त्यातून लिहायचं. माणशी एक नाव आणि त्याच्याबद्दलचं एक वाक्य.

आपल्या ऑफिसांत काय झालं? आठवून बघा. एचआरचा मेल, विषयाच्या जागी 'सॅड डिमाइस'. ग्रुपवर बेचाळीस वेळा हात जोडलेला इमोजी. त्रेचाळिसावा कुणीतरी रात्री अकराला टाकतो, कारण दिवसभर मीटिंग होती. आठवड्याभरात मेल आयडी बंद, खुर्ची कॉन्फरन्स रूममध्ये. आणि घरच्यांना जे पत्र जातं त्याचं नाव काय, तर फुल अँड फायनल सेटलमेंट. हिशेबाच्या शब्दाला एवढा भयंकर अर्थ असेल असं तो बनवणाऱ्यालाही वाटलं नसेल.

म्हणून माझं सरळ म्हणणं आहे, की शेजारच्या डेस्कवरचा माणूस गेला तर त्या ग्रुपवर एक किस्सा टाका. एकच. तो कॅन्टीनमध्ये साबुदाणा वड्याच्या रांगेत कसा घुसायचा, प्रिंटरशी कसा बोलायचा, काहीही. पहिला किस्सा टाकायला जड जातं. दुसरा आपोआप येतो.

१ जूनची गर्दी

आणि घरच्या माणसांसाठी? ती असतानाच विचारलं तर उत्तम. अमेरिकेत २००३ साली डेव्ह आयसे नावाच्या रेडिओवाल्यानं न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनवर एक छोटीशी रेकॉर्डिंग रूम थाटली, 'स्टोरीकॉर्प्स' नावानं. दोन माणसांनी यायचं, आजी आणि नात, दोन मित्र, कुणीही. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं सांगायचं, चाळीस मिनिटं. रेकॉर्डिंगची एक प्रत त्यांना, एक लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे. आपल्याकडे तर ही रूम प्रत्येकाच्या खिशात आहे, पण तिच्यात रेकॉर्ड काय होतं, तर वाढदिवसाचा केक.

अनुभवावरून सांगते, 'तुमच्या आयुष्याबद्दल सांगा ना' असं विचारलंत की समोरचा माणूस एकदम भाषण द्यायला लागतो. पहिला पगार किती आणि त्यातून काय आणलं, हे विचारा. शाळेत जाताना पायात काय असायचं? चाळीत पाणी किती वाजता यायचं, नंबर कोण लावायचं? कुणाशी बोलणं टाकलंय आणि का? (हा शेवटी विचारा!) माणूस गेल्यानंतर विचारायची वेळ आली, तर रागावल्यावर काय करायचे, पाकिटात काय सापडलं, फोन उचलल्यावर पहिला शब्द काय असायचा, असं विचारा.

तारखा मात्र तपासून घ्या. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला येतो, ठाऊक आहे ना? शाळेत नाव घालताना खरी तारीख घरात कुणालाच आठवत नसायची, मग गुरुजी सरसकट १ जून लावून टाकायचे. तेव्हा कागदावरची तारीख एक आणि 'त्या वर्षी मोठा पूर आला होता' हे दुसरं, असं दोन्ही लिहा. पुरावर माझा जास्त भरवसा आहे.

एक रविवार मोकळा असेल तर बोरिवली पश्चिमेला एकसरला जाऊन या. तिथे वीरगळ आहेत, म्हणजे लढाईत मेलेल्यांसाठी उभे केलेले दगड. त्यांवर चक्क जहाजांची लढाई कोरलेली आहे. वल्ही मारणारे लोक अजून मोजता येतात. संशोधक ती लढाई शिलाहार आणि यादवांच्या तेराव्या शतकातल्या युद्धाशी जोडतात. असे दगड महाराष्ट्रात गावोगावी आहेत. कुठे शेंदूर फासून त्यांचा देव झालाय, कुठे ते देवळाच्या पायरीला लागलेत. साधारण सगळ्यांची रचना एकच: तळाच्या कप्प्यात माणूस लढताना किंवा गुरं सोडवताना मेलेला, मधल्या कप्प्यात त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, त्यावर तो शंकराच्या पिंडीजवळ हात जोडून बसलेला, आणि अगदी माथ्यावर चंद्र-सूर्य. आमच्या निधनवार्तेसारखाच ठरलेला फॉर्म! बहुतेकांवर नाव नसतं. पण तळाचा कप्पा जवळून बघा. तिथे पाथरवटाला थोडी मोकळीक होती. एखाद्याच्या हातात धनुष्य असतं, एखाद्याच्या हातात तलवार, आणि एखाद्या दगडावर त्या माणसामागे त्यानं सोडवलेल्या गायी असतात, एकीमागे एक, शिंगांसकट कोरलेल्या.